दोन दिवसांत गुण देणारी पुडी: स्टिरॉइड अंगात नेमकं काय करतं

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. ‘स्टिरॉइड द्या’ असं कुणीच म्हणत नाही. लोक मागतात ती गजकर्णाची ट्यूब, दम्याची बारकी गोळी, अंग भरायची गोळी, चेहरा उजळायची क्रीम. गुडघ्याची पुडी तर मेडिकलमधून येतही नाही. ती बाजारच्या दिवशी कुणाच्या तरी ओळखीने घरात येते. नावं पाच, दुखणी पाच, पण आत बरेचदा एकाच कुळातलं औषध असतं: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, नाहीतर मलमातलं क्लोबेटासोल.

घेणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘भाऊ, दुसरं काही लागूच पडत नाही, याने दोन दिवसांत गुण येतो.’ त्यात खोटं काही नाही, गुण येतोच. म्हणून ‘स्टिरॉइड वाईट असतं’ एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. ज्याच्यामुळे आज जिना चढता आला, ते औषध वाईट कसं, असा त्याचा साधा सवाल असतो. त्याला नीट उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन नावाचं, याच स्टिरॉइडच्या कुळातलं नवं औषध रोज १०० मिलिग्रॅम टोचायला सुरुवात झाली. कुशीवर वळतानाही कळवळणारी ती बाई आठवडाभरात हिंडूफिरू लागली, गावात खरेदीला जाऊन आली. त्या काळच्या डॉक्टरांना हा चमत्कारच वाटला. या कामासाठी फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइशस्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं. पण तोवर दुसरी बाजूही दिसू लागली होती. रुग्णांचे चेहरे गोल होत होते, काहींचं मन बिघडत होतं, आणि औषध थांबवलं की दुखणं परत येत होतं. म्हणजे या औषधाने आमवात बरा होत नाही, तो दाबला जातो, हे जगाला सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याकडच्या पुडीवाल्यांना तर ते पक्कं ठाऊक आहे, कारण धंदा त्यावरच चालतो.

आता हे औषध शरीराला परकं नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते. सकाळी जास्त, रात्री कमी. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटीही साखर सांभाळणं, ताप, जखम, ऑपरेशन अशा संकटात शरीराला तगवणं ही त्याची कामं. शरीराचा दाह, म्हणजे सूज, लाली, ठणका, खाज, आवरण्याचं कामही तेच करतं. औषधातलं स्टिरॉइड म्हणजे याच कॉर्टिसॉलची कारखान्यात बनवलेली, बरेचदा जास्त जोरकस भावंडं.

शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते ढोबळमानाने प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीइतकं. डेक्सामेथासोन त्याहून कितीतरी जोरदार, त्याचे पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम. म्हणून अर्धा मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी कुणी ‘हलकीच आहे’ म्हणत दिवसातून तीनदा घेतो, तेव्हा शरीराच्या रोजच्या गरजेच्या दुप्पट माल वरून ओतला जात असतो. मिलिग्रॅमच्या आकड्यावरून औषध हलकं की भारी ते ठरत नाही. पॅरासिटामॉल ५०० ची असते आणि ही अर्ध्याची, म्हणून ही सौम्य, असं समजणारे शिकलेले लोकही कमी नाहीत.

वरून ओतलं की आत काय होतं? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आपोआप चालूबंद होणारी मोटर बसवलेली असते, ती डोळ्यांपुढे आणा. पाणी उतरलं की मोटर सुरू, टाकी भरली की बंद. शरीरात ही पातळी मेंदू बघतो. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचा निरोप रक्तातून धाडते आणि अ‍ॅड्रिनल कामाला लागते. आता रोज बाहेरून टँकर येऊन टाकी काठोकाठ भरू लागला तर मोटर सुरू होण्याचं कारणच उरत नाही. पाच-सहा दिवस असं झालं तर फारसं बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने हेच चाललं तर बंद पडलेली मोटर गंजते. निरोप येत नाही म्हणून अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखरच आक्रसते, लहान होते. आणि मग एके दिवशी टँकर येतच नाही.

स्टिरॉइडच्या धोक्यांची यादी सगळीकडे वाचायला मिळते, पण त्यात हा धोका शेवटी कुठेतरी एका ओळीत असतो. मला विचाराल तर तो सगळ्यात वर हवा. पुडी घेणारी आजी लेकीकडे महिनाभर राहायला जाते आणि पुडी घरी विसरते. किंवा मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचून भडकतो आणि सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकतो. चार-पाच दिवसांत आजीला गळून गेल्यासारखं होतं, जेवण नकोसं होतं, उलट्या सुरू होतात, पोट दुखतं, उठून उभं राहिलं की अंधारी येते. त्यात ताप किंवा जुलाब लागले तर रक्तदाब इतका घसरतो की शुद्ध हरपते. घरच्यांना वाटतं पित्त झालं, डॉक्टरला वाटतं जुलाबाने पाणी कमी झालं. सलाइन चढतं, रक्तदाब मात्र म्हणावा तसा वर येत नाही. याला अ‍ॅड्रिनल क्रायसिस म्हणतात आणि वेळेत ओळखला नाही तर जीव जातो. ओळखला तर हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचंच इंजेक्शन आणि सलाइन यांनी माणूस काही तासांत सावरू लागतो. मधे अडचण असते ती एवढीच, की ‘आजी वर्षभर कसलीतरी पुडी घेत होती’ हे वाक्य डॉक्टरांपुढे कुणी बोलत नाही. कधी लाजेने, कधी डॉक्टर रागावतील म्हणून, आणि बहुतेक वेळा ‘ते आयुर्वेदिक होतं, त्याचं काय सांगायचं’ म्हणून.

त्या ‘आयुर्वेदिक’चंही बोललं पाहिजे. आयुर्वेदाच्या औषधात डेक्सामेथासोन नसतं. असेल तर ती सरळ भेसळ आहे आणि अशी भेसळ तपासण्यांमध्ये पुन्हापुन्हा सापडलेली आहे. कागदाच्या घडीत बांधलेली किंवा बिनलेबलच्या डबीतली भुकटी, तीच गुडघ्याला, तीच दम्याला, तीच अंगावरच्या खाजेला, आणि पहिल्या दोन-तीन मात्रांतच फरक, वर भूक सडकून लागलेली: एवढं जुळून आलं की माझ्या मनात शंका उरत नाही. वर्षानुवर्षांचा सांध्यांचा आजार दोन दिवसांत हटवणारी मुळी असती तर आमवाताचे दवाखाने केव्हाच बंद पडले असते.

पुडी चालू असताना सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे असतात. दुखणं थांबतं, भूक लागते, हुरूप येतो. वजन वाढतं आणि शेजारीपाजारी म्हणतात, तब्येत छान झाली की! पण हे वजन नीट बघायला हवं. चेहरा गोल, गाल लालसर, मानेमागे चरबीचा उंचवटा, पोट सुटलेलं, आणि हातपाय मात्र काटकुळे. मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झिजत चाललेले असतात, त्यामुळे तब्येत ‘सुधारलेल्या’ माणसाला खाली बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. पोटावर रुंद, जांभळट रेषा येतात. हातावरची कातडी इतकी पातळ होते की बांगडी घासली तरी काळानिळा डाग पडतो. कॉर्टिसॉल जास्त झाल्यावर होणारं हे रूप अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वर्णन करून ठेवलं, म्हणून त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. मुली-मुलांना ‘अंग भरायला’ भूक वाढवणाऱ्या सायप्रोहेप्टाडिनसोबत डेक्सामेथासोन चारलं जातं, त्यातून जे भरतं ते हेच. वाढत्या वयाच्या पोरांची तर उंचीच खुंटते.

दिसत नाही ते आणखी महाग पडतं. साखर वाढते. मधुमेह उंबरठ्यावर असेल तर आत येतो, आधीच असेल तर हाताबाहेर जातो. रक्तदाब चढतो. हाडांतलं कॅल्शियम कमी होऊन मणके दबतात, आणि पाठीत कळ का आली ते कुणालाच उमगत नाही. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बिघडून ते टोक मरू लागतं, आणि तिशी-चाळिशीतल्या माणसावर खुबा बदलायची वेळ येते. डोळ्यांत मोतीबिंदू अकाली धरतो, काचबिंदू तर आवाज न करता नजर खातो. सोबत दुखण्याची दुसरी गोळी चालू असेल, आणि पुडीत ती बहुधा कुटलेली असतेच, तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होण्याची भीती. रात्री झोप लागत नाही, चिडचिड होते, क्वचित भ्रमसुद्धा होतो. आपल्या भागात क्षयाचे जंतू कितीतरी लोकांच्या शरीरात निपचित पडून असतात. प्रतिकारशक्ती दबली की तेही डोकं वर काढतात.

जंतुसंसर्गाचा प्रकार तर महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीने दाखवलं होतं की कोविडमध्ये रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटतात. स्वस्त औषध, मोठा फायदा. पण त्याच चाचणीत हेही दिसलं होतं की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या औषधाचा फायदा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर फिरलेल्या औषधांच्या यादीत नेमकं हेच वाक्य गळालं. साधा ताप-खोकला असलेली माणसं पहिल्या दिवसापासून गोळ्या घेऊ लागली. काही जण शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून घेत होते, तर काही जण दहाऐवजी वीस-तीस दिवस. त्यात कोविडने आणि स्टिरॉइडने मिळून चढवलेली साखर. म्युकरमायकोसिसच्या बुरशीला याहून सोयीचं काय हवं? नाक, सायनस, तिथून डोळा, वरचा जबडा, मेंदू. कितीतरी जणांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला आणि बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हाभर फिरले. स्टिरॉइड हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण साखर न मोजता, गरज नसताना, मनाने लांबवलेलं स्टिरॉइड हे ठळक कारणांपैकी एक होतं.

आता ट्यूबकडे येऊ. गोळीचा दरारा तरी असतो, मलमाला कुणी औषधच मानत नाही. आणि काउंटरवर सर्वांत जास्त वाद याच ट्यूबवरून होतात.

जांघेत गजकर्ण होतं, खाज जीव नकोसा करते. गिऱ्हाईक ट्यूब मागतं. ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन-चार नावं असतात: एक बुरशीवरचं, एक जिवाणूंवरचं आणि एक स्टिरॉइड, बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. ही करामत स्टिरॉइडची. बुरशी मात्र तिथेच असते, आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे उलट फैलावते. ट्यूब बंद केली की आठ दिवसांत खाज दुपटीने परत. मग दुसरी ट्यूब, मग घरातल्या सगळ्यांनाच लागण झाल्यामुळे तीच ट्यूब सगळ्यांना. काही महिन्यांनी गजकर्णाची ती ओळखीची गोल कडा दिसेनाशी होते, एकात एक अशी वर्तुळं दिसतात किंवा नुसताच तपकिरी पट्टा, आणि त्वचारोगतज्ज्ञालाही कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. शिवाय गेल्या काही वर्षांत आपल्याकडची बुरशीच चिवट झाली आहे. ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए या नव्याने नाव मिळालेल्या जातीवर टर्बिनाफिनसारखं भरवशाचं औषधही पुष्कळदा चालत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरं होणारं गजकर्ण आता महिनोन्‌महिने ठाण मांडतं, त्यात या मिश्र मलमांचा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगतात.

मलम लावायची जागाही महत्त्वाची. १९६० च्या दशकात हायड्रोकॉर्टिसोन कुठल्या कातडीतून किती मुरतं याची मोजणी झाली होती. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं मुरतं त्याच्या सहापट कपाळातून, तेरापट जबड्याजवळच्या कातडीतून, आणि वृषणाच्या पिशवीतून तब्बल बेचाळीसपट. म्हणजे तळपायाच्या जाड कातडीसाठी दिलेलं मलम आपण जांघेत आणि गालावर चोळतो तेव्हा ते तेच औषध राहत नाही. जांघेत ज्या लांब पांढऱ्या भेगा पडतात, त्या नंतर कुठल्याही उपायाने जात नाहीत. तान्ह्या बाळाला डायपरखाली जोरदार मलम रोज लावलं तर ते रक्तात उतरून वर सांगितलेले सगळे प्रकार होऊ शकतात.

चेहऱ्याच्या क्रीमची गोष्ट अशीच. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण हे वांगाच्या डागांवरचं खरंखुरं औषध आहे, पण ठरावीक आठवड्यांसाठी आणि देखरेखीखाली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ते रोजची क्रीम म्हणून वर्षभर लावलं जातं. आधी चेहरा उजळतो. मग उन्हात गेलं की गाल भगभगतात, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. क्रीम थांबवावी तर चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती परत लावली जाते. लग्न ठरलेल्या मुलींमध्ये हे फार. इथे आधार देणाऱ्या डॉक्टरची गरज असते, कारण क्रीम सोडल्यावरचे काही आठवडे खरोखर कठीण जातात.

कायद्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. याचा अर्थ नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय ती विकता येत नाहीत. लाल रेघ आणि इशारा वेष्टनावर छापलेला असतो. तरी चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ‘तुम्ही नाही दिली तर समोरचा देईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी वाद घालत नाही. फक्त ट्यूब उलटी करून मागची नावं वाचून दाखवतो. मलमावर क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं की ते स्टिरॉइड. क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही बुरशीवरची औषधं, त्यांच्याशी गल्लत नको. गोळ्यांच्या पाकिटावर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन आणि डेफ्लाझाकॉर्ट ही नावं बघायची.

जिममधली इंजेक्शनं हे वेगळं कुळ. ती टेस्टोस्टेरॉनची भावंडं, कॉर्टिसॉलची नव्हेत. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल वगैरे. पण बाहेरून मिळालं की आतली निर्मिती थांबते हा न्याय तिथेही तोच: वृषण आक्रसतात, शुक्राणू घटतात, आणि वर हृदय, यकृत यांचं नुकसान. त्यावर सविस्तर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.

एवढं वाचून कुणी दम्याचा पंप टाकून देईल, अशी मला खरी धास्ती वाटते. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. पंप ओढल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशीही सहसा धरत नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो टाळायचा आणि दम लागला की बारकी गोळी घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाज नेमका उलटा आहे. तीच गोष्ट मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमची (यात लघवीतून प्रथिनं गळतात), ल्युपसची (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), किडनी बदललेल्या रुग्णांची. तिथे स्टिरॉइड नसेल तर अवयव जातो किंवा माणूस जातो. मात्र तिथे डॉक्टर किती दिवस द्यायचं हे आधी ठरवतात, वजन, साखर, रक्तदाब तपासत राहतात, क्षयाची शंका असेल तर ती आधी फेडून घेतात, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जोडतात, डोळे तपासायला पाठवतात, आणि कमी करण्याचा तक्ता हातात देतात. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच जास्त असतं. देखरेख म्हणजे एवढं सगळं. एकदा लिहिलेली चिठ्ठी वर्षभर दुकानात दाखवणं म्हणजे देखरेख नव्हे.

आणि तुमच्या घरात कुणी महिनोन्‌महिने अशी गोळी किंवा पुडी घेत असल्याचं आज लक्षात आलं, तर ती आज रात्री फेकू नका. उरलेल्या पुड्या, रिकामं पाकीट, ट्यूबचं खोकं, जे असेल ते पिशवीत घालून फिजिशियनकडे किंवा सरकारी दवाखान्यात न्या, आणि किती दिवसांपासून चालू आहे ते लपवू नका. साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पोटात गेलेलं स्टिरॉइड एकदम थांबवत नाहीत. डॉक्टर बहुधा नेमकी मात्रा माहीत असलेली गोळी सुरू करतात आणि ती आठवड्या-आठवड्याने, पुढे महिन्या-महिन्याने उतरवतात. गरज वाटली तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून अ‍ॅड्रिनल कितपत जागी झाली ते बघतात. तिला पूर्ववत व्हायला कधी काही महिने, कधी वर्ष लागतं. त्या काळात सांधे परत दुखतील, अंग मोडून येईल. त्यासाठी आमवाताची खरी औषधं, मेथोट्रेक्सेटसारखी, वेगळी सुरू करावी लागतात, आणि त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे जातात. मधेच जोराचा ताप आला, उलट्या होऊन गोळी टिकली नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि गोळी बंद झाल्यावरही वर्षभर, दाढ काढायची असो की हर्नियाचं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं की या माणसाला इतके महिने स्टिरॉइड चालू होतं.